पडद्याकडे पाठ

तेरदाळ्यांच्या घरात सिनेमा दोघं मिळून बघत. म्हणजे आप्पा बघत आणि महानंदा ऐकत.

हे नुसतं सांगून कुणाला पटायचं नाही, म्हणून त्यांची बसण्याची पद्धतच सांगितलेली बरी. भिंतीला टीव्ही. समोर दिवाण, त्यावर लोडाला टेकून विरुपाक्ष तेरदाळे, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. आणि टीव्हीच्या अगदी शेजारी, पडद्याकडे पाठ करून, बुटक्या स्टुलावर त्यांची बायको महानंदा. पडद्यावरचं माणूस बोललं की ती ते कानानं टिपायची आणि तेच शब्द ओठांनी आप्पांकडे पोचवायची. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ. आप्पा थोडं पडद्याकडे, थोडं तिच्याकडे बघत सिनेमा पुरा करायचे. लेक गिरिजा शाळेत जायला लागली तेव्हा सुरू झालेली ही पद्धत, गिरिजा लग्न होऊन बेळगावला गेली तरी तशीच चालू होती.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण इचलकरंजीत कुणी वळूनही बघितलं नसतं. जुन्या मागांची शेड ज्यानं पाहिली आहे त्याला ठाऊक असतं. एका पत्र्याखाली चाळीसेक माग, प्रत्येकाचा सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय, तिथं गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला कळायचं नाही. मग माणसं ओठ हलवायची आणि समोरचा ते वाचायचा. चहाची ऑर्डर, मालकाची टिंगल, भांडणं, सगळं असंच चालायचं. आप्पा तिथं माग चालवायचे आणि महानंदा पलीकडच्या कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायला होती. दोघांचं जमलं तेसुद्धा आवाजाशिवायच. पुढं गावात काचेच्या पेटीत बंद करून चालवायचे नवे माग आले आणि गाव शांत झालं. आप्पांचे कान मात्र त्याच्या आधीच गेले होते.

तर अशा घरातला टीव्हीचा जुना बॉक्स वळवाच्या विजेनं जळाला, आणि महानंदा नवा घ्यायला रुबिना मोमीनच्या दुकानात गेली.

"आता नुसता बॉक्स कोण घेतंय काकू," रुबिना म्हणाली, "टीव्हीला जोडायचा छोटा कम्प्युटरच घ्या. सिनेमे त्यातच राहतात, फोटो राहतात, गिरिजाताईचा फोनपण टीव्हीवर लागतोय." तिनं काउंटरवर तीन डबे मांडले. तिन्ही आपले तळहाताएवढे. पहिला स्वस्तातला, पण आत पंखा होता आणि तो घरघरायचा. दुसऱ्याला पंखा नव्हता, जागा भरपूर होती आणि चित्र एकदम स्वच्छ. तिसऱ्यात दुसऱ्यातलं सगळं होतं, शिवाय त्याच्याबरोबर टीव्हीखाली लावायची एक काळी पट्टी होती.

"आणि ही पट्टी कशाला?"

"ही आप्पांसाठी," रुबिना म्हणाली. "माझ्या अब्बांनाबी बसवलीय. बसा, सांगते."

रुबिनाचे वडीलही मागावरचेच होते, त्यामुळं ही माहिती तिनं केवळ माल खपवायला पाठ केलेली नव्हती. कानाच्या आत शंखासारखी एक वळलेली नळी असते, ती म्हणाली, आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारे केस असलेल्या पेशी रांगेनं बसलेल्या असतात. जाड आवाज नळीच्या आतल्या टोकाच्या पेशी ऐकतात आणि बारीक आवाज दाराशी बसलेल्या. मागाचा मार पहिल्यांदा दाराशी बसलेल्यांवर पडतो. आता बोलण्यातले आ, ई, ऊ हे जाड असतात, पण स, त, फ, च हे बारीक. म्हणून मागावरच्या माणसाला कुणीतरी बोलतंय एवढं समजतं, काय बोलतंय ते समजत नाही. कानात घालायचं जुनं मशीन सगळंच मोठं करायचं. आप्पांनी ते एकदा घातलं होतं, तेव्हा ताटावर पडलेली पळी त्यांना डोक्यात खिळा ठोकल्यासारखी लागली आणि मशीन कपाटात गेलं ते गेलंच.

"ही पट्टी वेगळं करते," रुबिना म्हणाली. "चांगला कान नुसता ऐकत नाही काकू, ऐकताना स्वतःपण लई बारीक आवाज करतो. जिथल्या पेशी जित्या हैत तिथनं उत्तर येतं, मेलेल्या जागेवरनं येत नाही. पट्टी ते उत्तर लांबनंच ऐकते आणि कानाचा नकाशा काढते. मग सगळे बारीक आवाज उचलून जित्या जागेवर नेऊन ठेवते. तीत शेकडो बारके स्पीकर हैत. सगळ्यांच्या लाटा मिळून आवाज फक्त आप्पांच्या कानापाशी गोळा होतो. शेजारी तुम्ही बसलासा तर तुम्हाला तुमचा साधा आवाज."

"म्हणजे त्यांना सिनेमा आपला आपण ऐकू येणार?"

"येणार की. अब्बा तर आता बातम्यांवर भांडतात."

महानंदा हसली, पण तिची नजर त्या पट्टीवरून हलेना. रोज संध्याकाळी जेवणाआधी दोन तास एक माणूस तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. साठी उलटलेल्या किती बायकांच्या नशिबी हे असतं? नटीचं लांबलचक रडगाणं ती एका वाक्यात गुंडाळायची, व्हिलनच्या शिव्या गाळायची, विनोद फुसका असेल तर पदरचे दोन शब्द घालायची. आप्पा हसायचे ते खरं तर तिच्या विनोदाला. हे सगळं ती काळी पट्टी उचलून नेणार होती. तिला दुसरा डबा घ्यावासा वाटला, अगदी मनापासून. पण तिसरा नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि नवऱ्याला ऐकू आलेलं मला नको आहे असं कारण दुकानात उभं राहून कुठली बाई देईल?

तिनं तिसरा घेतला.

घरी आल्यावर जोडणी तिनंच केली. आप्पांनी आयुष्यभर माग उघडून जोडले, पण वायर म्हटली की ते हात मागे घेत. तिनं डबा टीव्हीमागच्या फळीवर ठेवला, वायर खोचली, पट्टी चिकटवली, वायफायचा पासवर्ड चष्मा लावून दोनदा चुकवला आणि तिसऱ्यांदा बरोबर टाकला. पडद्यावर गिरिजाच्या बारशाचा फोटो आला तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि आप्पांनी ओठांनी 'शाब्बास' म्हटलं.

मग पट्टीनं आप्पांच्या कानांचा नकाशा काढला आणि डब्यानं खोलीचा. तिच्या फोनवर दिवाण आला, दार आलं, दोन माणसांचे दोन ठिपके आले. खाली ओळ उमटली: स्टुलावरच्या जागेवरून पडदा दिसत नाही. ही जागा काढून टाकायची का?

महानंदानं 'नंतर विचारा' वर बोट ठेवलं, जरा जोरातच.

शेवटची पायरी शब्दांची होती. कानाचा नकाशा मिळाला तरी ऐकतो शेवटी मेंदू, आणि जागा बदललेले आवाज ओळखायला त्याला शिकावं लागतं. ओळखीच्या माणसाच्या आवाजावर तो लवकर शिकतो, म्हणून घरातल्या कुणीतरी फोनवर येणारे शब्द वाचायचे, फोन तो आवाज डब्याकडे देणार, डबा तो बदलून कानाकडे पाठवणार, आणि ऐकणाऱ्यानं ऐकलेला शब्द मोठ्यानं म्हणायचा. चुकलं की डबा थोडी दुरुस्ती करणार. महानंदा स्टुलावर बसली, आप्पा दिवाणावर.

"साखर," आप्पा म्हणाले. "चाफा. फणस. सुतळी. पाचशे."

सगळे बरोबर. डब्यानं पुढचे दिले, अवघड दिले. आप्पा एकदाही अडले नाहीत. थोड्याच वेळात फोनवर हिरवं चिन्ह आलं आणि निकाल: श्रवणशक्ती उत्तम. अगदी हलकी कुजबुजही स्पष्ट कळते. आवाजात बदल करण्याची गरज नाही. कानांच्या पहिल्या नकाशात त्रुटी असावी, तो रद्द केला आहे.

महानंदानं ते वाचलं, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्यासमोर बसून शब्द वाचायचे म्हटल्यावर तिचे ओठच हलले होते. आवाज निघाला नव्हताच, निघाला असेल तर नुसता श्वास. आप्पांशी बोलताना घशाचा उपयोग करायची सवयच तिला उरली नव्हती. आणि त्यांनी नेहमीप्रमाणं तिचे ओठ वाचले होते. बिचाऱ्या डब्याला वाटलं, हा माणूस श्वासातलेही शब्द ऐकतो, ह्याला माझी काय गरज.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं," ती ओठांनी म्हणाली.

त्यांनी सिनेमा लावून बघितला. त्यांना पहिल्यासारखंच ऐकू येत होतं, म्हणजे येत नव्हतं. तिला वाईट वाटू नये म्हणून ते म्हणाले, "चित्र मात्र झकास आहे हं," आणि मग सवयीनं तिच्या तोंडाकडे बघायला लागले. त्या संध्याकाळी महानंदानं सिनेमा असा रंगवून सांगितला की आप्पांना हसून ठसका लागला. तिला सुटल्यासारखं झालं होतं. तिनं काही खोटं केलं नव्हतं. डब्यानं उत्तम म्हटलं होतं, तिनं फक्त त्याला उलट उत्तर दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरिजाचा फोन आला तेव्हा महानंदा मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. आप्पांनी फोन घेतला. ती आत आली तेव्हा ते फोन कानाला लावून, मान डोलावत, चेहरा लख्ख करून म्हणत होते, "वा वा. छान, छान. असंच असू दे." मग त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

"आई," गिरिजा हसत होती, पण आवाज बसलेला होता. "तीन दिवस तापानं पडलेय म्हणून सांगितलं, तर आप्पा म्हणतात छान, असंच असू दे."

महानंदाही हसली. औषध काय, खाल्लंस काय, सगळं विचारून झालं. फोन ठेवल्यावर तिनं आप्पांकडे बघितलं. लेकीशी बोलायला मिळालं म्हणून ते अजून खुशीत होते. लेक काय बोलली हे बायकोला विचारायचंही त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण फोनवर आवाज आला एवढ्यावरच समाधान मानायचं हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती त्यांचे कान आहे. होती खरी, पण फक्त त्या स्टुलावर बसलेली असेपर्यंत. ती कपडे वाळत घालायला गेली की हा माणूस एकटा पडायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काल चुकलं. ते शब्दांचं परत करायचंय," ती ओठांनी म्हणाली.

"कशाला? चाललंय की."

"चाललंय ते माझ्या ओठांवर. मी समोर नसले की तुमचं काय?"

"तू कुठं चाललीयस?"

"मागच्या दारी," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायला. तेवढ्यात गिरिजानं ताप आल्याचं सांगितलं आणि तुम्ही छान म्हणालात."

आप्पांचा चेहरा उतरला. ते दिवाणावर जाऊन नीट मांडी घालून बसले.

महानंदानं फोनवरून कानांचा नकाशा नव्यानं काढून घेतला, स्टूल फिरवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. समोर नुसती भिंत. आपले ओठ त्यांना दिसायला नकोत एवढंच कारण होतं, पण लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोलताना ती कधी अशी बसली नव्हती. फोन तोंडाजवळ धरून तिनं पहिला शब्द वाचायचा प्रयत्न केला. आधी नुसते ओठच हलले. मग आवाज आला, तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा.

"साखर."

मागून दिवाण करकरला. मग, "आखर?"

"चाफा."

"आपा. नाही... परत म्हण."

तिला वळून बघावंसं वाटत होतं. एकदा ओठ दाखवले असते तर त्यांची सुटका झाली असती. तिनं पदर मुठीत धरला आणि परत म्हटलं, "चाफा." फणस चुकला, सुतळी चुकली, पाचशे चुकलं. प्रत्येक चुकीनंतर डबा क्षणभर थांबायचा, एखादा आवाज थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवायचा आणि पुन्हा मागायचा. ती पुन्हा म्हणायची. मागून येणाऱ्या उत्तरांत हळूहळू शब्दांना कडा यायला लागल्या. खर, मग सखर, मग एकदाचं साखर. आवाज अडखळत होता, पण अंदाज नव्हता त्यात, ऐकणं होतं. ती वाचत राहिली. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही, कारण भिंतीकडे तोंड असल्यामुळं ते लपवायची गरजच नव्हती.

मग एका शब्दाला उत्तर आलं नाही. तिनं परत म्हटला. तरी नाही.

"काय झालं ओ?" तिनं विचारलं. भिंतीकडे बघूनच विचारलं.

"काही नाही," आप्पा मागून म्हणाले. "तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय."

महानंदानं फोन तसाच चालू मांडीवर ठेवला. तिनं पाठ करून विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. त्यांनी तिचा आवाज शेवटचा धड ऐकला तेव्हा तो एका तरण्या मुलीचा होता, आणि मधली सगळी वर्षं त्यांच्या मनात तोच राहिला असणार. आता तो एकदम म्हातारा होऊन त्यांना भेटला होता.

"वाईट वाटतोय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आईचा आवाज मला आवडायचा. तुला सांगायचं राहिलं होतं."

कान स्वतःही आवाज करतो हे कुणीतरी पहिल्यांदा ओळखलं असेल, आणि त्या आवाजाचा माग काढत कुणी कुणी वर्षानुवर्षं बसलं असेल. महानंदाला त्यांची नावं माहीत नव्हती, आणि ती कळली असती तरी तिला उच्चारता आली नसती. तिनं डोळे पुसले आणि भिंतीलाच हात जोडले. मग उरलेले शब्द पुरे केले.

आप्पांनी सगळ्यात आधी गिरिजाला फोन लावायला सांगितला. डब्यानं तिचा आवाज टीव्हीवर घेतला. आप्पांनी विचारलं, "ताप किती आहे?" आणि पलीकडं लेकीला रडू फुटलं. मग ती रडत ताप सांगायला लागली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. काही शब्द त्यांना दोनदा विचारावे लागले, पण विचारायला त्यांना बायकोकडे बघावं लागलं नाही.

संध्याकाळी सिनेमाची वेळ झाली. डब्यानं स्टुलाचा प्रश्न पुन्हा विचारला आणि महानंदानं 'हो' वर बोट ठेवलं. स्टूल तिनं कोपऱ्यात सरकवलं आणि आता कुठं बसावं ते न सुचून खोलीच्या मध्यात उभी राहिली. आप्पांनी लोड बाजूला केला. ती चालू फोन मध्ये ठेवून दिवाणावर त्यांच्या शेजारी बसली, अंग चोरून, पाहुणी आल्यासारखी.

आप्पांनी त्यांचा आवडता जुना सिनेमा लावला. एका नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो, नावेला गिऱ्हाईक राहत नाही, आणि त्याची एकुलती एक लेक शहरात नोकरीला निघते. महानंदाला ह्यातला शब्दन् शब्द पाठ होता, कितीदा सांगितला होता तिनं. पण माणसं तिनं कधी धड बघितली नव्हती.

"ही कोण?" तिनं हळूच विचारलं.

"हीच की लेक."

"ही? एवढी काळीसावळी? आवाजावरून मला गोरी वाटायची." आप्पा हसले. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं, "आणि हा?" आणि त्यांनी परत सांगितलं. ती ओळखीच्या आवाजांना चेहरे चिकटवत बसली. हातांना काही काम नव्हतं, ओठांनाही नव्हतं. आप्पा पडद्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. ते तिला लागलंच, लागणार होतंच, पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रत्येक वाक्य उमटताना दिसत होतं आणि ते बघायला तिला फार बरं वाटत होतं.

शेवट आला. लेक पेटी घेऊन उभी राहिली. "येते मी, आबा," ती म्हणाली आणि एसटी सुटली. सनई सुरू झाली. महानंदानं पदरानं डोळे टिपले, दरवेळी टिपायची तसे, आणि भाकरीचा तवा ठेवायला उठली.

आप्पांनी तिचा हात धरला. "कुठं चाललीस?"

"संपला की."

"संपला कुठं? तू दरवेळी बोलणं थांबलं की उठतेस. बस."

ती बसली. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं. एसटी पुलाच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. दार उघडलं. लेक पेटी घेऊन खाली उतरली, कठड्यापाशी उभी राहिली आणि खाली नदीतल्या बापाच्या नावेकडे बघू लागली. मग ती पुलावरून मागं चालत आली आणि काठाच्या उतारावरून, चप्पल हातात घेऊन, खाली यायला लागली. नावाड्यानं नाव वळवली. लेक पाण्यात शिरली, पेटी आधी नावेत ठेवली, मग स्वतः चढली आणि बापाच्या समोर बसली. एक शब्द नाही. नुसती नाव चालली होती आणि मागं पूल लांब लांब जात होता.

महानंदा दिवाणाच्या काठावर सरकून बसली होती. गिरिजा सासरी गेल्यापासून तर ती ह्या सिनेमाला स्वयंपाकघरात तव्यासमोर उभी राहून मनसोक्त रडायची, त्या गेलेल्या पोरीसाठी. गल्लीतल्या बायकांनाही तिनं सांगून ठेवलं होतं की तो सिनेमा बघू नका, फार वाईट आहे शेवट.

"ती परत आली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आणि आप्पांनी ते ऐकलं.

त्यांनी तिचा हात सोडला नाही. "अगं," ते म्हणाले, "ती दरवेळी परत येते."